कोल्हापुरात बसून पेशंट रेफरल पार्टनर कसं व्हायचं: करार, कागद, व्हिसा आणि कमिशनचा सगळा हिशोब

राजारामपुरीत सकाळी साडेआठला कुठल्याबी लॅबच्या दारात उभं राहून बघा, गगनबावड्याचा घाट चढून कोकणातनं आलेले, निपाणी-संकेश्वरकडचे, आजरा-चंदगडचे, सगळ्यांच्या हातात एक्सरेची ती मोठी पिशवी आणि तोंडात एकच प्रश्न, "अमुक डॉक्टर कुठं बसतात हो?" आणि त्याच दिवशी रात्री स्टेशनवर जावा, महालक्ष्मी एक्सप्रेसच्या डब्यात आपल्यातलेच लोक तसलीच पिशवी उशाला घेऊन मुंबईला निघालेले असतात. म्हणजे दवाखान्यासाठी गाव सोडणं आपल्याकडं नवीन नाही, मिरजेत वॉन्लेस साहेबांनी १८९४ साली हॉस्पिटल काढलं तेव्हापासनं लोक लांबलांबनं तिथं येत आलेत. आता त्याला मेडिकल ट्रॅव्हल असं भारी नाव आलंय, आणि पेशंट आणि हॉस्पिटल यांच्या मधली धावपळ करणाऱ्याला रेफरल पार्टनर किंवा फॅसिलिटेटर म्हणतात. गावात मात्र एजंटच म्हणतात, त्याची सवय करून घ्या.

मी आधी एका लॅबमध्ये कलेक्शन काउंटरला होतो. नात्यातल्या एका मावशीच्या बायपासच्या वेळी पुण्याला सगळं मीच बघितलं, मग शेजारच्यांचं, मग शेजारच्यांच्या पाव्हण्यांचं, असं करत करत हा धंदा झाला. मला मेसेज करून बरेचजण विचारतात की सुरुवात कशी करायची आणि पैसे किती मिळतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय.

पण त्याआधी एक गोष्ट डोक्यात फिट करा. आपल्या मार्केट यार्डातला गुळाचा अडत्या माहितीय ना? शेतकऱ्याच्या हातात जी हिशोबाची पट्टी पडते त्यावर तोलाई, हमाली सगळं लिहिलेलं असतंय. कुणाला किती गेलं हे शेतकऱ्याला वाचता येतंय. आपलं कामपण तसंच पट्टीवर मावलं पाहिजे. जे पैसे तुम्ही पेशंटला तोंडावर सांगू शकत नाही ते घ्यायचेच नाहीत. खाली जे काय लिहिलंय ते सगळं यावरच बेतलेलं आहे.

आधी कुठं हात घालायचा नाही

लोक हे शेवटी वाचतात, मी पहिल्यांदा सांगतो.

डॉक्टरानं पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घेणं किंवा देणं, दोन्ही मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेत ६.४ कलमाखाली बंद आहे. महाराष्ट्रात २०१७ ला कट प्रॅक्टिसच्या विरोधात वेगळ्या कायद्याचा मसुदापण निघाला होता. तुम्ही डॉक्टर नाही म्हणून ती आचारसंहिता थेट तुमच्यावर नाही, पण समोरच्या डॉक्टरवर आहे, म्हणून कुठल्याही डॉक्टरशी वैयक्तिक व्यवहार करायचा नाही. करार करायचा तो हॉस्पिटल या संस्थेशी, लेटरहेडवर, बँकेतनं पैसे. आणि उलट्या बाजूनं, गावाकडच्या फॅमिली डॉक्टरांनी पेशंट पाठवला म्हणून दिवाळीला पाकीट नेऊन द्यायचं हे पण नाही. सुरुवातीला मला दोघातिघांनी सांगितलं की असं केल्याशिवाय चालत नाही. चालतंय. जरा हळू चालतंय, एवढंच.

दुसरं, किडनी-लिव्हर ट्रान्सप्लांट. यात डोनर शोधून देतो असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. अवयवांचा व्यवहार करणाऱ्याला, त्यात मध्यस्थ पण आला, १९९४ च्या कायद्यात २०११ ला झालेल्या दुरुस्तीनंतर ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाखांपासनं १ कोटीपर्यंत दंड आहे. नवीन माणसानं ट्रान्सप्लांटची केस घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, नात्यातला डोनर असला तरी ते हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटरचं आणि परवानगी देणाऱ्या कमिटीचं काम आहे. सरोगसीचं पण तेच, २०२१ च्या कायद्यानं पैसे देऊन सरोगसी बंद झालीय, परदेशी जोडप्यांना तर ती वाटच नाही. गर्भलिंगनिदानाबद्दल कोण विचारलं तर उत्तर पण देत बसू नका.

तिसरं आपल्या भागात जास्त महत्त्वाचं. जो पेशंट महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो त्याच्याकडनं एक रुपया घ्यायचा नाही. पिशवी घेऊन आलेल्या माणसाला पहिल्यांदा रेशन कार्ड आणि आधार आहे का विचारा, त्याचं ऑपरेशन योजनेत होत असेल तर योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राकडं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडं, घेऊन जा, सीपीआर या इथल्या सरकारी दवाखान्याचा पर्याय सांगा, आणि धर्मादाय हॉस्पिटलमध्ये १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकातल्या पेशंटसाठी राखीव असतात हे पण सांगा. यात तुम्हाला काही मिळत नाही. पण तोच माणूस गावात जाऊन सांगतो की त्या पोरानं पैसे न घेता वाट दाखवली, आणि त्या गावातनं पुढं जे फोन येतात ते जाहिरात करून येत नसतात.

पेशंट कुठला आणि कुठं न्यायचा, हे एकच ठरवा

नवीन माणूस काय करतो, तर कार्डावर "सर्व प्रकारचे उपचार, भारतभर" असं छापतो. ते नको. एक वाट धरा. आपल्यासाठी साधारण तीन वाटा आहेत.

एक म्हणजे बाहेरचा पेशंट कोल्हापूर-मिरज पट्ट्यात आणणं, सिंधुदुर्ग, रत्नागिरीचा दक्षिण भाग, गोवा, उत्तर कर्नाटक. मुंबई-पुण्यापेक्षा राहणं-खाणं इथं स्वस्त पडतं, भाषा कळते, नातेवाईक जवळ असतात. दुसरी, आपल्याकडचा पेशंट पुणे, मुंबई, बेंगळुरू, वेल्लोरला नेणं. तिसरी, परदेशातला पेशंट भारतात आणणं, ज्यात पैसे जास्त आणि भानगडी पण जास्त.

कोल्हापुरात बसून परदेशी पेशंट कसा मिळणार असं वाटतंय ना? मला पण वाटायचं. पण पहिला पेशंट फेसबुकवरनं येत नाही, तो आपल्याच माणसाच्या ओळखीनं येतो. मस्कत, दुबई, कतारला कामाला असलेली कोकणातली आणि आपल्याकडची माणसं किती आहेत बघा, शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांचे बाहेरच्या देशातले कस्टमर आहेत, शिवाजी विद्यापीठात परदेशातनं शिकायला आलेली पोरं असतात. यातल्या एकाच्या वडिलांचे दात, कुणाच्या आईचे गुडघे, तिथनं सुरू होतंय.

ट्रीटमेंट पण एकदोनच निवडा, ज्यात तारीख आधी ठरवता येते. डेंटल, मोतीबिंदू, गुडघे बदलणं, फार तर अँजिओग्राफीनंतर ठरलेली बायपास. कॅन्सर लगेच घेऊ नका, तिथं ट्रीटमेंट महिनोन्‌महिने चालते, प्लॅन मध्येच बदलतो आणि घरचे लोक खचलेले असतात, अनुभव नसेल तर तुम्ही पण खचाल.

नोंदणी, पटकन

यात फार काही नाही. घरातनं सुरू केलं तरी शॉप अ‍ॅक्टची ऑनलाइन नोंद करा, थोडेच कामगार असले की नुसती सूचना द्यायची असते. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंद, फुकट होते, कुणाला त्याचे पैसे देऊ नका. करंट अकाउंट धंद्याच्या नावानं काढा, कारण हॉस्पिटलचं अकाउंट्स डिपार्टमेंट सेव्हिंगला पैसे टाकायला कुरकुर करतंय. जीएसटीची एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, हॉस्पिटलच्या उपचारावर जीएसटी माफ आहे म्हणून आपल्या कमिशनवरपण माफ असेल असं धरून चालतात. नाही. आपली सेवा वेगळी, तिला १८ टक्के आहे, उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की नोंदणी घ्यावी लागते. कमिशनवर टीडीएस कापून येतो, तो दरवर्षी जुळवून बघायचा. एक चांगला सीए बघा, बस्स.

काम जरा वाढलं आणि कंपनी केली की एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलचा दर्जा तपासून मान्यता देणारी देशातली संस्था, तिची फॅसिलिटेटरसाठी वेगळी मान्यता असते ती बघा. पहिल्या वर्षी गरज नाही.

हॉस्पिटल निवडणं: मार्केटिंगवाल्याच्या आधी बिलिंग काउंटरला जा

तीन हॉस्पिटलं पुरेत, प्रत्येक ट्रीटमेंटला किमान दोन पर्याय हातात पाहिजेत म्हणजे पेशंटला निवडायला काहीतरी राहतं. एनएबीएचची मान्यता आहे का ते त्यांच्या बोर्डावर बघून विश्वास ठेवू नका, एनएबीएचच्या वेबसाइटवर नाव आणि मुदत दोन्ही तपासा. परदेशी पेशंटला जेसीआय या आंतरराष्ट्रीय मान्यतेचं नाव जास्त माहीत असतं, पण ते नसलं म्हणून हॉस्पिटल वाईट असं काही नाही.

मग एक दिवस काढून तिथं जा. मीटिंगला जायच्या आधी तासभर बिलिंग काउंटरसमोरच्या खुर्चीत बसा. लोक कशावरनं भांडतायत ते ऐका. डिस्चार्ज सकाळी सांगून संध्याकाळी मिळतोय का, पॅकेज सांगून वर बिल लागलंय का, मेडिक्लेमवाल्यांना किती वेळ ताटकळत ठेवलंय. गोड बोलणारा मार्केटिंगचा माणूस तुम्हाला जे सांगणार नाही ते त्या खुर्चीत फुकट कळतंय. नंतर नर्सिंग स्टेशनजवळनं एक चक्कर, आणि नातेवाइकांसाठी जेवणाची, झोपायची काय सोय आहे ते.

डॉक्टरांना भेटलात तर त्यांना एकच विचारा, "कुठल्या पेशंटला तुम्ही ऑपरेशन नको म्हणता?" जो सर्जन याचं उत्तर दोन मिनिटं सविस्तर देतो तो आपला.

करारात काय बघायचं, इथं मी मार खाल्लाय

माझी कोकणातली पहिली मोठी केस, मालवणकडचे एक काका, दोन्ही गुडघे, पोरगा मस्कतला. मी रिपोर्ट गोळा केले, दोन ठिकाणचं मत आणलं, एस्टिमेट समजावून सांगितलं, राहायची सोय केली. पोरानं तिकडनं हौसेनं हॉस्पिटलच्या अ‍ॅपवर स्वतःच ओपीडीची अपॉइंटमेंट घेतली. सिस्टीममध्ये पेशंटचा सोर्स पडला "सेल्फ". ऑपरेशन झालं, काका चालायला लागले, आणि मला सांगितलं की हा पेशंट तुमचा नाही, तो थेट आलाय. दीड महिन्याचं काम पाण्यात. त्यांची चूक म्हणावी तर करारात तसं काही लिहिलेलंच नव्हतं, कारण करार म्हणजे एक पानाचं पत्र होतं.

तेव्हापासून करारात पुढच्या गोष्टी स्पष्ट नसतील तर मी सही करत नाही. पेशंट माझा कधी धरणार: मी नाव, जन्मतारीख आणि मोबाइल किंवा पासपोर्ट नंबर ईमेलनं कळवला आणि त्यांचं "मिळालं" असं उत्तर आलं की तो माझा, पुढं त्यानं अपॉइंटमेंट कशीपण घेऊ दे. ही नोंद किती महिने चालणार. तोच पेशंट वर्षानं दुसऱ्या ऑपरेशनला आला तर काय. फी कशावर मोजणार, पूर्ण बिलावर की औषधं, इम्प्लांट, रक्त, बाहेरच्या तपासण्या वगळून. डिस्चार्जनंतर किती दिवसांत पैसे. बिलात सवलत दिली तर ती आधी वजा की नंतर. आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, जे मी स्वतः घालून घेतो, की माझ्यामार्फत आलेल्या पेशंटला थेट येणाऱ्या पेशंटपेक्षा जास्त दर लावला जाणार नाही. हे वाक्य घालायला जे हॉस्पिटल तयार होत नाही, तिथं तुमची फी पेशंटच्या बिलातनंच निघणार हे समजून जा.

हिशोब कसा पडतो बघा. समजा बिल झालं ३ लाख. त्यातले १ लाख २० हजार औषधं आणि इम्प्लांटचे, ते वगळले. उरले १ लाख ८० हजार. करारात १० टक्के असतील तर १८ हजार, त्यातनं टीडीएस, त्यातनं तुमचं दोनदा जाणं-येणं, फोन, कधी पेशंटसाठी खर्चलेला रिक्षा-टॅक्सीचा पैसा. आणि हे हातात येतात डिस्चार्जनंतर दोनतीन महिन्यांनी. लाखो कमवा म्हणून जे व्हिडिओ फिरतात त्यात हा शेवटचा भाग नसतो.

म्हणूनच मी आता शक्य तिथं टक्केवारी सोडून प्रत्येक केसला ठरलेली फी घेतो. बिल वाढलं की माझी फी वाढणार असेल तर कधी ना कधी मनात चोर शिरणारच, आयसीयूत दोन दिवस जास्त ठेवलं तर आपल्याला वाईट का वाटत नाही असा प्रश्न पडायला लागतो. देशातल्या पेशंटकडनं सरळ सेवाशुल्क घ्या, पावती द्या, आणि हॉस्पिटलकडनं काही मिळत असेल तर ते पण त्याच कागदावर लिहा. एकदोघं म्हणतील की आम्ही स्वतःच जातो. जाऊ देत.

प्रत्यक्ष केस: पहिल्या फोनपासून एस्टिमेटपर्यंत

पहिला फोन बहुतेक वेळा पेशंटचा नसतो, पोराचा किंवा जावयाचा असतो. तो सगळ्यात आधी खर्च विचारतो. आकडा सांगायचा नाही, रिपोर्ट बघितल्याशिवाय डॉक्टरपण सांगत नाहीत तर आपण कोण. तीन गोष्टी विचारा: त्रास काय आणि कधीपासून, आत्तापर्यंत कुणाला दाखवलंय, आणि पेशंटला स्वतःला ऑपरेशन करायचंय का. तिसऱ्या प्रश्नाला बऱ्याचदा शांतता असते. मग पेशंटशी बोलल्याशिवाय पुढं जाऊ नका.

पुढं संमती. रिपोर्ट कुणाकुणाला पाठवणार, हॉस्पिटलची नावं लिहून, पेशंटची सही किंवा निदान त्याच्या नंबरवरनं आलेला होकार घ्या. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहेच, पण साधी माणुसकीची गोष्ट पण आहे, आपल्याकडं बातमी पंचगंगेच्या पुरासारखी पसरते, एखाद्या बाईच्या गर्भाशयाचा रिपोर्ट चुकून नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला तर तिनं काय करायचं. मी धंद्याचा फोन वेगळा ठेवलाय आणि केस संपली की गॅलरी रिकामी करतो.

कागद कुठले: जुनी डिस्चार्ज समरी, चालू औषधांच्या स्ट्रिपचे फोटो, अ‍ॅलर्जी, शुगर-बीपी, सहा महिन्यांतले रक्ताचे रिपोर्ट, आणि एमआरआय, सीटी, अँजिओग्राफी असेल तर तिची सीडी किंवा डायकॉम फाइलची (स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइलची) लिंक. खिडकीला फिल्म लावून काढलेला फोटो पाठवू नका, त्यावर कुठलाच शहाणा डॉक्टर मत देत नाही. आणि कधी गाठीची केस आलीच तर बायोप्सीच्या कागदावर भागत नाही, स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, लागतात. आमच्या ओळखीतल्या एका पेशंटला मुंबईत पोचल्यावर ब्लॉक मागितले, ते इथं लॅबच्या कपाटात. पेशंटचा भाचा दुसऱ्या रात्रीच्या महालक्ष्मीनं डबीत ब्लॉक घेऊन गेला, तोवर दोन दिवस लॉजचं भाडं चालू. तेव्हापासून मी पाकीट करताना "ब्लॉक?" असं लाल पेननं वर लिहितो.

हे सगळं एका पानावर, तारखेच्या क्रमानं लावून, दोन किंवा तीन हॉस्पिटलला पाठवा. नाव, पत्ता झाकून पाठवलं तरी मतासाठी चालतं, वय आणि लिंग पुरतं. पण आपण नोंदवलेला पेशंट हाच, हे त्यांना कळावं म्हणून आपला एक केस नंबर द्या.

आलेलं एस्टिमेट तसंच फॉरवर्ड करणं म्हणजे पोस्टमनचं काम. ते वाचून दाखवणं हे आपलं काम. पॅकेज आहे की जसं लागेल तसं बिल? पॅकेजमध्ये किती दिवस धरलेत आणि त्यात आयसीयूचे किती? रूम कुठली, कारण बऱ्याच हॉस्पिटलात रूम बदलली की डॉक्टरची फी, ओटीचा चार्ज सगळंच बदलतंय. इम्प्लांटची कंपनी आणि मॉडेल लिहिलंय का? स्टेंटच्या किमतीवर सरकारनं फेब्रुवारी २०१७ मध्ये आणि गुडघ्याच्या इम्प्लांटवर ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातलीय, त्यामुळं इम्प्लांटची ओळ बिलात वेगळी दिसलीच पाहिजे, "सर्जिकल मटेरियल" असं मोघम लिहिलं असेल तर परत पाठवा. रक्त, फिजिओथेरपी, डिस्चार्जनंतरची औषधं धरलीत का? आणि काही गुंतागुंत झाली तर रोजचा खर्च किती चढेल? हा शेवटचा प्रश्न विचारायला लोक कचरतात, अपशकुन वाटतो. तुम्ही विचारा, आणि घरच्यांना सांगा की एस्टिमेटपेक्षा थोडे जास्त पैसे हाताशी ठेवा.

निवड पेशंटची. तुम्ही फरक सांगा, "हेच घ्या" म्हणू नका. आणि वैद्यकीय सल्ला तर बिलकुल नाही, मला दहा वर्षं लॅबमध्ये काढून रिपोर्ट वाचता येतो तरी मी "डॉक्टरना विचारून सांगतो" एवढंच म्हणतो.

परदेशी पेशंट असेल तर

आधी पासपोर्ट बघा. मस्कतला असलेला आपला माणूस भारतीय पासपोर्टवर असेल तर त्याला व्हिसा लागतच नाही, ओसीआय कार्डवाल्याला, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या मूळच्या भारतीयालापण, नाही. त्याचा ओमानी साहेब येणार असेल तर लागतो, आणि ठरवून ऑपरेशनला येणाऱ्यानं टुरिस्ट व्हिसावर येऊ नये.

ज्या देशांना ई-व्हिसा मिळतो त्यांच्यासाठी ई-मेडिकल सोपा आहे: पोचल्यापासून ६० दिवस, तीन वेळा ये-जा, सोबत दोन जणांना ई-मेडिकल अटेंडंट. प्रवासाच्या कमीत कमी ४ दिवस आधी अर्ज लागतो, पण एवढं तोंडावर आणू नका. हॉस्पिटलचं लेटरहेडवरचं पत्र जोडावं लागतं. त्या पत्रातलं नाव पासपोर्टशी अक्षर न्‌ अक्षर जुळवा. आमच्या एका केसमध्ये हॉस्पिटलच्या पत्रात आडनावातलं एक अक्षर गळलं आणि तिकिटाची तारीख पुढं ढकलायला लागली. अर्ज सरकारच्या इंडियनव्हिसाऑनलाइन डॉट जीओव्ही डॉट इन याच साइटवर, तिच्यासारख्या दिसणाऱ्या खाजगी साइट जास्त पैसे उकळतात. ई-व्हिसावर ठरावीक विमानतळांवरनंच आत येता येतं, मुंबई, पुणे, गोवा त्यात आहेत. ट्रीटमेंट लांबणार असेल तर सरळ दूतावासातनं साधा मेडिकल व्हिसा काढायला सांगा. आयुर्वेदासाठी येणाऱ्यांना २०२३ पासून वेगळा आयुष व्हिसा आहे.

आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांतनं येणाऱ्याला यलो फीव्हरच्या लसीचं कार्ड लागतं, आणि लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं, त्यामुळं विमानाच्या आदल्या दिवशी लस घेऊन उपयोग नाही. पेशंट आणि सोबतचे लोक ज्या हॉटेलात किंवा घरात उतरतील त्या मालकानं २४ तासांत परदेशी पाहुण्याच्या माहितीचा फॉर्म (ज्याला सी फॉर्म म्हणत आलेत) ऑनलाइन भरायचा असतो. ताराबाई पार्कात कुणाचा तरी रिकामा फ्लॅट स्वस्तात मिळतोय म्हणून देऊन टाकाल तर मालकाला आधी हे समजावून सांगा. जिल्ह्यात परदेशी नागरिकांची नोंद एसपी ऑफिसकडं असते, एकदा जाऊन तिथली पद्धत विचारून घेतली की पुढं सोपं जातं.

पैसे पेशंटनं थेट हॉस्पिटलच्या खात्यावर भरायचे, तुमच्या खात्यातनं नाही. तुम्ही मध्ये आलात की विनिमय दरातला फरक, परतावा, सगळं तुमच्या गळ्यात. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं इन्कम टॅक्सच्या नियमानं चालत नाही. बाहेरनं नोटा घेऊन येत असतील तर ५ हजार डॉलरच्या वरच्या नोटा विमानतळावर जाहीर कराव्या लागतात, हे पेशंटला निघायच्या आधी सांगा.

दुभाषा हॉस्पिटल देतं का ते आधीच विचारा. संमतीपत्रावर सही घेताना नातवाला दुभाषा करू नका, पोरगं आजोबांना वाईट बातमी कधीच पूर्ण सांगत नाही.

ऑपरेशनचा आठवडा आणि नंतर

अ‍ॅडमिशनच्या दिवशी तुम्ही स्वतः हजर पाहिजे. बाकी दिवस फोनवर भागतं. नातेवाइकांना तीन नंबर लिहून द्या, वॉर्डचा, बिलिंगचा, तुमचा. रोज संध्याकाळी आजपर्यंतचं बिल किती झालं ते काढून घ्यायला सांगा, शेवटच्या दिवशीची भांडणं यानं निम्मी कमी होतात. आणि डब्यातनं तांबडा रस्सा आणू नका हे पण सांगायला लागतंय, हसू नका, बायपासच्या चौथ्या दिवशी कॅन उघडलेला मी बघितलाय.

डिस्चार्जला फाइल तपासा: समरी, सगळे रिपोर्ट, ऑपरेशन नोट, इम्प्लांटचा स्टिकर, औषधांची नावं मूळ घटकासकट म्हणजे दुसऱ्या देशात किंवा गावात तीच मिळतील. विमानानं जाणाऱ्याला डॉक्टरांचं फिट टू फ्लाय पत्र, आणि व्हीलचेअर किंवा ऑक्सिजन लागणार असेल तर एअरलाइनचा मेडिकल फॉर्म आधी भरावा लागतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पायात रक्ताची गाठ व्हायचा धोका असतो, म्हणून लांबचा प्रवास कधी करायचा हे सर्जनच ठरवणार, स्वस्त तिकीट नाही.

जाहिरातीचं थोडक्यात. "शंभर टक्के बरं करू" असलं काही लिहू नका, कॅन्सर-डायबेटिस बरा करतो अशी औषध-उपचारांची जाहिरात १९५४ च्या कायद्यानं बंद आहे. पेशंटचा फोटो लेखी परवानगीशिवाय टाकायचा नाही, दिली तरी मी टाकत नाही. त्यापेक्षा एक वही ठेवा, प्रत्येक केसची एक ओळ: तारीख, कुठला, काय, एस्टिमेट किती, शेवटचं बिल किती. वीस ओळी झाल्या की कुठल्या हॉस्पिटलचं एस्टिमेट खरं निघतं ते तुम्हाला पाठ होतं, आणि नवीन पेशंटला सांगायला याच्यापेक्षा मोठी जाहिरात नाही.

फोन तीन वेळा करायचे, डिस्चार्जनंतर तिसऱ्या दिवशी, दुसऱ्या आठवड्यात, सहाव्या आठवड्यात. ताप आहे का, जखमेतनं काही येतंय का, औषध चालू आहे का, फॉलोअपची तारीख माहितीय का. काही वावगं वाटलं की लगेच डॉक्टरांना जोडून द्यायचं, आपलं डोकं लावायचं नाही. ज्यांच्या केसचे मला पैसे मिळाले नाहीत त्या मालवणच्या काकांनापण मी सहाव्या आठवड्यात फोन केला होता, जिना चढता का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "जिनो खंय रे, होडयेत चढतंय!" मग त्यांनीच त्यांच्या साडूचा नंबर दिला, आणि त्याचं नाव मी तिथल्या तिथं ईमेलनं नोंदवलं.